कोपऱ्यातलं नाव

पहाटे 4.50

गजर व्हायच्या आधीच जाग येते. जूनमध्ये फिलाडेल्फियात साडेपाचला उजाडतं, आणि भिंतीवर ऊन चढायच्या आत जेवढं काम उरकेल तेवढंच खरं. चहा टाकते आणि कोल्हापूरला अण्णांना फोन लावते. तिकडे दुपारचे सव्वादोन वाजून गेलेले. जेवून लवंडलेले असतात, तरी पहिल्या रिंगला उचलतात.

“भित्ताड वाळलं काय गं?”

“वाळलं, अण्णा. प्रायमरचा दुसरा हात झाला काल.”

“हाताची पालथी बाजू लावून बघ. तळवा राठ झालेला असतोय, त्याला ओल कळत न्हाई. पालथ्या हाताला कळतीया.”

हे मी गेली अकरा वर्षं ऐकते आहे आणि अकरा वर्षं रोज सकाळी भिंतीला पालथा हात लावते आहे. अण्णा सिनेमाचे पेंटर. बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रश धरायचा तर चेहरा चुकून चालत नाही, असं ते म्हणत. तीसेक वर्षं त्यांनी थेटरांवरचे बोर्ड रंगवले. सुतळी निळीत बुडवून फटका मारायचा, चौकोन पाडायचे आणि वीतभर फोटोवरून वीस फुटी नायक उभा करायचा. उजव्या अंगाला खाली, तळहाताएवढ्या जागेत, पांढऱ्या रंगात स्वतःचं नाव. गुरुवारी रात्री त्याच बोर्डावर पांढरा मारून शुक्रवारचा नवा सिनेमा चढे. लहानपणी मी बघत बसायची. पांढरा मारताना अण्णा सगळा बोर्ड संपवत आणि नावाचा कोपरा शेवटी ठेवत. पुढे फ्लेक्स आलं आणि बघता बघता हा धंदाच उठला.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी अमेरिकेत आले. इथे भिंती रंगवणाऱ्या टोळीत हाताखाली काम मिळालं तेव्हा कागदांवर काय लिहून द्यायचं ते सुचेना. शेवटी लिहिलं, वडील पेंटर. तेवढ्यावर काम मिळालं.

सकाळी 6.10

आम्ही अप्पर डार्बीत राहतो. 69व्या रस्त्याच्या स्टेशनातून निघालेली गाडी लोखंडी खांबांवरून उंच उंच धावते. खाली मार्केट स्ट्रीट, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या गच्च्या अगदी डोळ्यांच्या रेषेत. 63व्या रस्त्यापासून 45व्यापर्यंत या भिंतींवर एक लांबलचक प्रेमपत्र लिहिलेलं आहे. एकूण 50 भिंती, मोठाली रंगीत अक्षरं. रस्त्यावरून चालणाऱ्याला त्यातलं फारसं दिसत नाही. ते गाडीतल्या माणसासाठी आहे, कामावर जाणाऱ्या आणि दमून परतणाऱ्या.

हे पत्र 2009 साली स्टीव्ह पॉवर्सने रंगवलं. याच वेस्ट फिलाडेल्फियात वाढलेला पोरगा. तरुणपणी ‘एस्पो’ हे टोपणनाव भिंतींवर लिहीत हिंडायचा, पुढे साइनबोर्ड पेंटरांची विद्या शिकला आणि आपल्याच मोहल्ल्यात रीतसर परवानगीने परत आला. मी अण्णांना याचे फोटो पाठवले होते. त्यांना इंग्रजी मजकुराशी देणंघेणं नव्हतं. म्हणाले, “अक्षराचा पोटभाग बघ. हा बोर्डावर हात बसवलेला माणूस हाय.”

पंधराव्या रस्त्याला उतरायचं, ब्रॉड स्ट्रीट लाइन धरायची आणि उत्तरेला निघायचं.

सकाळी 7.00

आमची भिंत तीन मजली आहे, नॉर्थ फिलाडेल्फियातल्या एका गल्लीच्या तोंडाशी. या शहरात भिंती इतक्या का, हे इथे उभं राहिलं की कळतं. घरं एकमेकांना खेटून, चाळीसारखी एका ओळीत बांधलेली. मधलं एक घर पडलं की शेजारच्या घराची कूस उघडी पडते. 1950 साली या शहरात 20 लाख 70 हजार माणसं होती. कारखाने बंद झाले, लोक पांगले, आणि 2000 पर्यंत आकडा 15 लाखांवर आला. रिकामी घरं पाडली गेली, प्लॉट मोकळे झाले, कुशी उघड्या पडल्या. आम्ही रंगवतो ती भिंत बाहेरची म्हणून बांधलेलीच नसते. नीट पाहिलं तर गिलाव्याखाली कधी जिन्याची तिरकी खूण दिसते, कधी बुजवलेल्या चुलाण्याची.

आज पालथा हात लावायच्या आधीच पाय थबकले. कालच्या करड्या प्रायमरवर, डाव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, रात्रीतून कुणीतरी काळ्या स्प्रेने नाव टाकलं होतं. चार फूट उंच, शेलाटी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं, बांबूच्या बेटासारखी. मला एक अक्षर लागेना.

परांचीच्या पाइपांचे खिळे तपासत बॉस खाली आले. आमच्या टोळीचे मुकादम. साठीकडे झुकलेले. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते, कामावर नुसतं बॉस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरकी केली आणि घडघडा वाचलं. मग बोटाने हवेत गिरवून दाखवलं, हात कुठून सुटला, कुठे दबला, कुठे न थांबता वळला. ही उंच अक्षरं फिलाडेल्फियाची खास. बाहेरच्याला वाचता येऊ नयेत अशीच घडवलेली. सत्तरीच्या सुरुवातीला ‘टॉप कॅट 126’ नावाच्या पोराने हे वळण इथून न्यूयॉर्कला नेलं. तिकडे साव पावलोत पोरं इमारतींच्या कपाळावर अशीच टोकदार, उभी अक्षरं लिहितात, त्याला पिशासाव म्हणतात. तिथलं मूळ वेगळं आहे, पण भूक तीच.

“हात चांगला आहे पोराचा,” बॉस म्हणाले. “वय असेल पंधरा-सोळा. डबा मात्र स्वस्तातला, ओघळ बघ.”

मला राग आला होता, तो मी लपवणार नाही. दोन दिवस त्या भिंतीच्या भेगा मी स्वतः भरल्या होत्या. बॉस रागावले नाहीत. ते म्हणाले, ही कला इथूनच निघाली आहे, याच शहरातून, आणि ती अशीच निघाली.

गोष्ट अशी. साठीच्या दशकात डॅरिल मॅक्रे नावाचा पोर सुधारगृहात होता. आजीच्या हातच्या कॉर्नब्रेडसाठी, म्हणजे मक्याच्या पावासाठी, त्याने तिथल्या स्वयंपाक्याला भंडावून सोडलं, म्हणून त्याचं नाव पडलं कॉर्नब्रेड. ते त्याने सुधारगृहाच्या भिंतींवर लिहिलं. 1967 साली सुटून आल्यावर सिंथिया नावाच्या मुलीवर जीव जडला, तर तिच्या बसच्या वाटेवर सगळीकडे लिहिलं, कॉर्नब्रेडचं सिंथियावर प्रेम आहे. 1971 मध्ये वर्तमानपत्रांनी घोळ घातला आणि तो मेल्याची बातमी छापली. तेव्हा या पठ्ठ्याने प्राणिसंग्रहालयात शिरून हत्तीच्या अंगावर लिहिलं की कॉर्नब्रेड जिवंत आहे.

लोक हे हसत सांगतात. मला त्यात हसू येत नाही. आपण आहोत हे शहराला कळवायला एका काळ्या पोराजवळ स्प्रेचा डबा सोडून दुसरं काही नव्हतं, एवढंच मला त्यात दिसतं. आणि तो डबा तरी कशासाठी निघाला होता? 1949 साली इलिनॉयमधल्या सिकामोर गावात एडवर्ड सीमोर या रंगवाल्याने तो बनवला, घरं उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांना चंदेरी रंग मारता यावा म्हणून. त्या डब्याने वीस वर्षांनी काय काय लिहिलं जाईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

सकाळी 8.00

नावाचं काय करायचं ते संध्याकाळी ठरवू, असं म्हणून आम्ही वर चढलो. कमरेला पट्टा, पट्ट्याची कडी दोरीला. आज वरच्या दोन माळा चिकटवायच्या होत्या.

आम्ही भिंतीवर थेट थोडंच रंगवतो. बरंचसं चित्र आधी कापडावर होतं. पॅराशूट क्लॉथ म्हणतात, शिंपी कॉलरच्या आत घालतो त्या फ्युजिंगसारखं पातळ, न विणलेलं, पाच-पाच फुटांचे चौकोन. पडद्यावर पाडतात तसं चित्र त्यावर पाडून रेघा ओढायच्या, प्रत्येक तुकड्यात आकडा लिहायचा, आणि आकड्याबरहुकूम रंग भरायचा. ज्याला चित्र येत नाही त्यालाही भरता येतो. 1990 साली लॉस एंजेलिसच्या केंट ट्विचेलने बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्विंगचं तीन मजली चित्र इथल्या रिज अव्हेन्यूवर चढवलं ते याच कापडावर. तेव्हापासून ही रीत शहरात रुळली. त्यामुळे भिंत रंगवायला परांचीवर चढावं लागत नाही. शाळेतली पोरं वर्गात रंगवतात, आज्या वृद्धाश्रमात रंगवतात, जन्मठेपेचे कैदी तुरुंगात रंगवतात. ग्रेटरफोर्डच्या तुरुंगातून असे कितीतरी चौकोन बाहेर आले आणि ज्या रस्त्यांवर ती माणसं स्वतः कधी परतणार नव्हती त्या रस्त्यांवर चढले.

चिकटवायचं काम दोघींचं. मी रोलरने भिंतीला जेल लावते. दुधाच्या सायीसारखं दाट, पांढरं, वाळल्यावर काचेसारखं. जोडीदारीण कापडाची वरची कड निळीच्या रेघेला धरते. मग मधून कडेकडे पट्टी फिरवायची, आतली हवा हाकलत न्यायची. घाई केली की फुगा राहतो. फुगा राहिला की त्यात पाणी शिरतं आणि चौथ्या हिवाळ्यात कापड सुटतं. राहिलाच तर सुईने टोचून, बोटाने दाबून, पुन्हा जेल. दहा वाजेपर्यंत एक माळ झाली. दुसऱ्या माळेत ‘डी 7’ नावाचा चौकोन हाती आला आणि मी क्षणभर थांबले.

त्यावर भेंडीचं फूल होतं. फिकट पिवळ्या पाच पाकळ्या आणि पोटात गडद, जवळजवळ काळा वाटणारा किरमिजी डाग. या गल्लीतल्या बायकांनी मोकळ्या प्लॉटवर भाजीपाला लावला आहे. भिंतीवर काय हवं हे विचारायला बैठक झाली तेव्हा त्यांनी पुढारी मागितला नाही, खेळाडू मागितला नाही, आपली बागच मागितली. भेंडी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर या देशात आली. आमच्या परड्यात ती कुठल्या वाटेने आली ते मला ठाऊक नाही, पण फूल मला लांबून ओळखू येतं. जवळून पाहिलं तर किरमिजी डागाच्या कडेने रंगवणाऱ्याने केसासारख्या बारीक रेघा पाकळीत ओढल्या होत्या. त्या आकड्यांत नव्हत्या. त्या त्याने पदरच्या घातल्या होत्या. कापडाच्या मागे नुसता ‘डी 7’, आणि पेन्सिलीने तुरुंगातल्या वर्गाची खूण.

सकाळी 11.20

ऊन भिंतीवर आलं. आता जेल फार लवकर सुकतं, म्हणून चिकटवणं बंद. खाली उतरले तर समोरच्या घरातल्या आजी थंड पाण्याची बाटली घेऊन उभ्या. बागेतली भेंडी त्यांचीच. वर बोट करून म्हणाल्या, “ते माझं फूल. कुणी काढलं गं?”

“आतल्या एकाने,” मी म्हटलं. नाव मलाही कळलेलं नसतं.

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याने भेंडी लावलेली आहे कधीतरी. न लावता असं फूल काढता येत नाही.”

भिंत म्हटली की सगळं असं गोडच असतं असं नाही. इथल्या इटालियन मार्केटमध्ये 1995 साली फ्रँक रिझोंचं मोठं चित्र रंगवलं गेलं. ते आधी पोलीस आयुक्त, मग महापौर. कुणाला ते आपले वाटत, आणि कृष्णवर्णीयांना त्यांच्या काळातल्या पोलिसांच्या लाठ्या आठवत. वर्षानुवर्षं त्या चित्रावर रंग फेकला जाई आणि वर्षानुवर्षं ते दुरुस्त होई. शेवटी जून 2020 मध्ये ते रंगाखाली गेलं. माझं मत विचाराल तर भिंत कुणाच्या दारासमोर आहे त्याला विचारल्याशिवाय ब्रश बुडवू नये. बैठका कंटाळवाण्या असतात, जांभळ्या रंगावरून तास जातो, पण तो तास वाचवला तर पुढची वीस वर्षं भिंत भांडत राहते.

दुपारी 12.30

प्लॉटवरच्या झाडाखाली डबे उघडले. माझ्याकडे पोळी आणि कोरडी मटकी. बॉसना मटकी आवडते.

ते 1984 साली सतरा वर्षांचे होते. त्या जानेवारीत विल्सन गूड महापौर झाले, या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, आणि त्यांनी ग्राफिटीविरुद्ध मोहीम उघडली. पण मोहिमेत एक दार ठेवलं. जो पोर ‘पुन्हा लिहिणार नाही’ अशा कागदावर सही करील त्याच्यावर खटला नाही. भिंती रंगवायला शिकवण्यासाठी जेन गोल्डन नावाची तरुण चित्रकर्ती नेमली. बॉसनी सही केली ती सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून. ब्रश हातात आला आणि सुटला नाही. त्याच मोहिमेतून पुढे म्युरल आर्ट्स ही संस्था उभी राहिली. आज तिच्या नावावर चार हजारांहून जास्त भिंती आहेत, आणि त्यातल्या पहिल्या भिंती ज्यांना शहर उपद्रवी म्हणत होतं त्यांच्याच हातच्या आहेत.

न्यूयॉर्कने दुसरा रस्ता धरला. तिथे 183व्या रस्त्यावरचा एक ग्रीक वंशाचा पोर निरोप्याचं काम करायचा आणि जाईल तिथे मार्करने ‘टाकी 183’ लिहायचा. 21 जुलै 1971 ला न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली, आणि त्यानंतर शहरभर नाव आणि रस्त्याचा आकडा लिहिणाऱ्यांचं पीक आलं. भिंती पुरेनात तेव्हा पोरं भुयारी रेल्वेच्या यार्डात शिरली. नावं फुगली, रंगली, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. इक्वाडोरहून आलेली सँड्रा फाबारा 1979 मध्ये पंधरा वर्षांची होती, तेव्हा ती या पोरांच्या मेळ्यात ‘लेडी पिंक’ म्हणून उतरली. रात्रीच्या अंधारात, विजेच्या तिसऱ्या रुळाशेजारी. रेल्वेने डबे धुवायचा सपाटा लावला, आणि 12 मे 1989 ला रंगलेली शेवटची गाडी काढून घेतल्याचं जाहीर केलं.

पण तोवर बी उडालं होतं. मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट यांचं ‘सबवे आर्ट’ हे छायाचित्रांचं पुस्तक आलं तेही 1984 सालीच. युरोपातली पोरं त्यातली अक्षरं गिरवून शिकली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये थिएरी न्वार हा फ्रेंच तरुण भिंतीवर मोठाली डोकी रंगवू लागला. भिंत काही फूट पूर्वेच्या हद्दीत होती, त्यामुळे तिच्या पश्चिमेकडच्या अंगाला टेकून उभं राहणं हेसुद्धा घुसखोरी. पहारेकरी कधीही पकडून नेतील, म्हणून दोन-तीन रंगांत, भराभर, एका दमात काढायची डोकी. पाच वर्षांनी भिंत पडली. 1990 मध्ये तिच्या उरलेल्या 1.3 किलोमीटरवर, कोऱ्या पूर्वेकडच्या अंगाला, 21 देशांच्या 118 चित्रकारांनी रंग चढवला. न्वारची डोकी तिथेही आहेत.

बॉस डबा पुसत म्हणाले, “न्यूयॉर्कने डबे धुतले. आम्हाला ब्रश दिला. एवढाच फरक.”

हा फरक एवढासा नाही, असं मला वाटतं.

दुपारी 2.00

दोन ब्लॉक पलीकडे पालिकेचं क्रीडा केंद्र आहे. तिथे टेबलं जोडून खालच्या माळेचे चौकोन पसरले होते. वीस-पंचवीस पोरं, चार आया. आकडा 4 म्हणजे पालाशी हिरवा, 9 म्हणजे मातीचा. पहिला अर्धा तास सगळी रेघेच्या आत रंगवायला जपतात, मग हात मोकळे होतात. माझं काम म्हणजे कप भरत राहायचं आणि कुणाचा 4 कुणाच्या 9 मध्ये गेला तर पुसायचं.

टोकाच्या खुर्चीवर तेराएक वर्षांची मुलगी बसली होती. चौकोन तिने नेटका भरला होता आणि कापडाच्या कडेला, जी कड भिंतीवर दुसऱ्या कापडाखाली जाते, तिथे बारीक अक्षरांत नाव लिहिलं होतं. मला बघून तिने त्यावर तळहात ठेवला.

मी तिच्याशेजारी बसले आणि तिला अजिंठ्याची गोष्ट सांगितली. कॉलेजच्या सहलीत पाहिलेली. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला गेला आणि दरीत त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यात, हजारावर वर्षं जुन्या चित्रावर, त्याने आपलं नाव आणि 28 एप्रिल ही तारीख कोरली. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा तो पाच फूट साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता.

“त्याला शिक्षा झाली?” तिने विचारलं.

“नाही. त्याचं नाव पुस्तकात आहे. ज्याने ते चित्र काढलं त्याचं नाही.”

तिने तळहात उचलला. मी तिला सांगितलं, तू चित्रावर लिहिलं नाहीस, कडेला लिहिलंस, ते राहू दे. आणि मग मोठं होऊन कामाला येईल अशी एक गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाची जुन्या कारखान्याची इमारत होती. मालकाच्या संमतीने जगभरचे स्प्रेवाले तिथे रंगवायचे. नोव्हेंबर 2013 मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा मारला, पुढे इमारत पाडली. चित्रकार कोर्टात गेले. अमेरिकेत 1990 चा एक कायदा आहे, चित्र विकलं गेलं, भिंत दुसऱ्याची असली, तरी नावाजलेल्या कामावर ते करणाऱ्याचा हक्क राहतो. 2018 साली न्यायाधीशांनी 21 चित्रकारांना मिळून 67 लाख 50 हजार डॉलर द्यायला लावले. वरच्या कोर्टानेही ते कायम केलं. मात्र तो हक्क मागायला हे काम माझं असं दाखवावं लागतं.

तिने ब्रश धुतला आणि नावाखाली तारीखही घातली.

दुपारी 4.40

भिंत सावलीत आली. खालची डावी बाजू उद्या चिकटवायची, म्हणजे ते काळं नाव बरोबर कापडाखाली येणार. जोडीदारीण करड्या रंगाचा डबा उघडत होती. बॉसनी हात केला.

“रंग नको. पण स्वस्त स्प्रे गुळगुळीत असतो, जेल धरणार नाही. खरवडून घे.”

पॉलिश पेपर घेऊन मी त्या अक्षरांवरून फिरले. जोरात घासायचं नव्हतं, नुसती चकाकी मोडायची. चार फुटी बांबूंवर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हात फिरवताना मला पहिल्यांदा ती अक्षरं लागली. पहिलं अक्षर, मग वळण, मग दुसरं. काळी धूळ मनगटावर बसली. बॉसनी फोटो काढला, वहीत तारीख टाकली, आणि पुढे ते नाव लिहिलं. उद्या त्यावर टोमॅटोची वेल चढेल. नाव पुसलं जाणार नाही, आत राहील.

तो पोर रात्री येऊन बघेल का, मी विचारलं. ते म्हणाले, लिहिणारा नेहमी बघायला येतो. आला तर उद्या खालच्या माळेला एक हात कमीच आहे.

संध्याकाळी 6.15

घरी जाताना एक थांबा आधी उतरले. सात वर्षांपूर्वी मी जिच्यावर पहिल्यांदा चेहरा रंगवला ती भिंत जवळच आहे. तिच्यासमोरचा मोकळा प्लॉट विकला गेला आणि एका बिल्डरने तिला चिकटून चार मजले चढवले. मोहल्ल्याला भाव आला, आणि भाव यायला आमची भिंतही थोडी कारण झाली असेल. हे मनाला फार लागतं. आता दोन इमारतींमधल्या वीतभर फटीतून डोकावलं तर एक डोळा आणि कानातला डूल दिसतो. रंग अजून उडालेला नाही. ऊनच लागत नाही त्याला.

रात्री 9.00

ब्रश साबणाने धुऊन, केस बोटांनी सरळ करून, उभे वाळत ठेवले. कोल्हापुरात सकाळचे साडेसहा. अण्णा फिरून आलेले असतात. भेंडीच्या फुलाचा फोटो पाठवला होता.

“कुणी काढलं?”

“तुरुंगातल्या कुणीतरी. नाव माहीत नाही.”

थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “विचारून घे. आपल्या कामाचा तर एक फोटो न्हाई बघ.”

खरं तर नसल्यातच जमा. तीस वर्षांच्या कामातून घरात उरलंय ते एकच छायाचित्र. मामाच्या लग्नाची वरात थेटरावरून चालली आहे आणि मागे अण्णांचा बोर्ड. नायकाचा जबडा, नायिकेचे डोळे, सगळं आहे. उजवा कोपरा तेवढा फोटोग्राफरने कापला.

कोल्हापूर, सांगली, मिरज, सोलापूर, पुणे, मुंबई, कुठल्याही गावी तुमच्या घरच्या अल्बममध्ये थेटरासमोर काढलेला जुना फोटो असेल, वरातीचा, मिरवणुकीचा, नव्या स्कूटरचा, तर एकदा भिंग लावून मागचा बोर्ड बघा. खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव असेल. ते वाचा, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.